फुलाच्या मधली काच

साहेबाच्या बंगल्यात पाहिलं तसं जाड रंगीत काचांचं तावदान शालिग्रामशेठनी बुऱ्हाणपूरच्या आपल्या माडीच्या खिडकीला करायला मिस्त्री लावला. शोभेची शोभा, आणि सुनांची नजरही रस्त्यावर जाणार नाही.

धाकटी सून सरू. लग्नानंतर तिला एकदाही माहेरी धाडलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी फोपनारहून कापसाची गाडी घेऊन येणारा बाप तिला त्या खिडकीतूनच काय तो दिसायचा. तिनं मिस्त्रीला हात जोडले. त्यानं नक्षीतल्या निळ्या फुलाच्या मधोमध रुपयाएवढी साधी, आरपार दिसणारी काच बसवली. म्हणाला, "गप राहा बाई, कोनाले समजनार नाही."

काचा बसवताना त्यांवर लागलेली चिकट लांबी पुसायचं काम सरूनं मागून घेतलं. खडूची पूड लावून तिनं सगळ्या काचा घासल्या, ती एक मात्र पुन्हापुन्हा.

तावदान बसलं. फुलाचा मधला भाग नुसता लखलखत होता. शेठ कौतुकानं जवळ गेले, एक डोळा मिटून त्यातून रस्त्याकडे पाहिलं आणि मिस्त्रीला म्हणाले, "हिच्या जागी लाल टाका."

मग सुनेकडे वळून हसले. "बरं झालं पोरी, इतकी घासलीस. नाही तं माझ्या ध्यानातच आलं नसतं."