खांद्यावरची तार

ट्रान्सफॉर्मरजवळची तार तुटून विजेच्या लाइनवर काम करणाऱ्या सोनलच्या खांद्यावर पडली आणि तिचा सुरक्षापोशाख जागच्या जागी ताठ झाला. विजेचा स्पर्श होताच माणसाची धडपड थांबावी, म्हणून तो तसाच बनवलेला होता. आत ती सुखरूप होती, बाहेरच्या धातूच्या जाळीत मात्र वीज खेळत होती. हात हलेना, मान वळेना.

तेवढ्यात तिचा नवरा दिगंबर जेवणाचा डबा घेऊन आला. बायकोला तारेखाली खांबासारखी उभी बघून त्याने डबा टाकला आणि धाव घेतली.

"शिवू नका मला!" ती किंचाळली.

त्या किंकाळीने तो आणखीच जोरात धावू लागला. सोनलला कळून चुकलं: हा माणूस आता डोळ्यांदेखत जाणार, आणि आपल्याला हातसुद्धा आडवा करता येणार नाही. तिने श्वास आवरला आणि रोज घरी विचारायची तशा आवाजात विचारलं, "अहो, आज भाजी कसली केलीत?"

दिगंबर थबकला. "अं... दोडक्याची."

"मग ठीक. मला काही झालेलं नाही. जमिनीतही वीज उतरली असेल, म्हणून पाय न उचलता, घासत घासत मागे सरका आणि सबस्टेशनला फोन करून लाइन बंद करायला सांगा."

त्याने तसंच केलं. थोड्या वेळाने तारेतली वीज गेली, पोशाख सैल पडला आणि सोनल मटकन खाली बसली. दिगंबर तिला जवळ घेऊन पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "लागलं का गं कुठे?" आता मात्र ती त्याला बिलगून हमसून हमसून रडू लागली.