पाळणा जड लागतोय

“पोर निजली की आपणही आडवं व्हावं. नाहीतर एक दिवस उभ्याउभ्या कोसळशील हो,” मालिनीआत्यांनी ऋजुताला केव्हाच बजावलं होतं. ऋजुताने ते कानाआड केलं. पोर निजायला तर हवी! तिचं नाव निशिगंधा ठेवलं तेव्हाच आप्पा, म्हणजे ऋजुताचे सासरे, म्हणाले होते, “ही रात्रीच फुलणार.” तशी ती फुलत होती. दिवसा चुकून डोळा लागलाच, तर ऋजुता पाळण्याशी बसून तिचा श्वास चालू आहे ना ते बघत राही. त्यात डॉक्टरांनी “वजन जेमतेम आहे” म्हटल्यापासून तिची स्वतःची झोप पार उडाली होती. नवरा नोकरीला मुंबईत. काळजी करायचं काम तिने एकटीनेच अंगावर घेतलं होतं.

आज निशिगंधाचं बोरन्हाण. आप्पांची बहीण मालिनीआत्या कालच पावसहून आल्या होत्या, पिशवीत काळं सुती कापड आणि हलव्याचे दागिने घेऊन. नातीच्या पहिल्या संक्रांतीचं काळं झबलं त्या स्वतःच्या हाताने शिवून देणार होत्या. पण ऋजुता रसायनशास्त्र शिकलेली. रंग सुटतो का बघायला तिने कापड आधी मिठाच्या पाण्यात उकळलं. मग बटणं बाद केली, पोर गिळेल म्हणून. लेस बाद केली, टोचेल म्हणून. आत्यांनी बेतायला टाचण्या काढल्या, तशी तिने पोरच उचलून आत नेली.

“टाचण्या? तिच्या अंगावर? अजिबात नाही हं, आत्या.”

“मग काय माझ्या अंगावर बेतू?” आत्या म्हणाल्या. पण त्या हट्टाला पेटणाऱ्यांतल्या नव्हत्या. कात्री घेऊन मुकाट पडवीत गेल्या.

दुपारी पोर आत्यांच्या हवाली करून ऋजुता एकदाची न्हायला गेली. केस पुसत ओटीवर आली आणि दारातच थबकली. पाळणा संथ हलत होता. आप्पा आरामखुर्चीत पेपर वाचत होते, पाळण्याची दोरी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला. मच्छरदाणीतून पाठमोरं काळं झबलं दिसत होतं. वर टोपडं. झबल्यावर हलव्याचा हार चमकत होता. म्हणजे झबलं झालं होतं, आणि ते घालून पोर झोपली होती! हार काढून ठेवायला ऋजुताचे हात शिवशिवले. पण मच्छरदाणी उचलली की जाग आलीच. तिने नुसतंच डोळे ताणून बघितलं. झोका चालू होता, त्यामुळे श्वासही चालू दिसला.

“झोपली?” तिने ओठांनीच विचारलं.

“हललेली नाही,” आप्पा पेपरामागून म्हणाले. मग अंगठा ताणून म्हणाले, “आज पाळणा जड लागतोय गो. पोर वजनाला लागली.”

ऋजुताला भरूनच आलं.

तिने कुकरची शिट्टी काढून ठेवली. दाराची घंटा बंद केली. टीव्हीची वायर उपटली. आप्पांना शिंक आली, तेव्हा तिने अशा नजरेने पाहिलं की शिंक आल्या वाटेने परत गेली. मग ती भिंतीला टेकून बसली. दोनच मिनिटं.

“अग्गोबाई! एवढी माणसं जमलीत आणि चिडीचूप? कोण गेलं?”

ऋजुता दचकून जागी झाली. अंगणातलं ऊन उतरलं होतं. सतरंजीवर बोरन्हाणाला आलेल्या बायका ओळीने बसल्या होत्या. शेजारची तेजस्वी ओठांवर बोट ठेवून होती, आणि पोरांनी आपापली तोंडं दाबून धरली होती. ऋजुताच्या डोक्याखाली कुणीतरी उशी सरकवली होती. दारात मालिनीआत्या उभ्या होत्या. त्यांच्या कडेवर, नुसत्या लंगोटावर, टक्क जागी निशिगंधा.

ऋजुताने पोरीकडे पाहिलं. पाळण्याकडे पाहिलं.

“मग… ही कोण?”

“कोण काय? वरवंटा!” आत्यांनी मच्छरदाणी वर केली. “बारशाला नव्हता का हिच्या आधी पाळण्यात निजवला? त्यालाच पंचे गुंडाळले नि त्याच्यावर झबलं बेतलं. तो टाचणीला रडत नाही. आणि खाली ठेवला तर हलव्याला मुंग्या लागतील, म्हणून ठेवला पाळण्यात. हिला तर मी गंगारामाकडचं वासरू दाखवायला नेलं होतं. आप्पाला सांगून गेले की!”

मग जो हशा उसळला, त्याने सगळ्या दुपारची भरपाई झाली.

झबलं निशिगंधाच्या अंगात चढवलं, तर पोटाशी चांगलंच घट्ट. “वरवंट्याहून भरली हो तुझी पोर,” आत्या शिवण उसवता उसवता म्हणाल्या. डॉक्टरांच्या काट्यानेही ऋजुताला कधी एवढा धीर दिला नव्हता.

पण आप्पांना ती सोडणार नव्हती. “तुम्हाला माहीत होतं? आणि दुपारभर वरवंट्याला झोके देत बसलात?”

आप्पांनी अंगठ्याची दोरी सोडली. तिथे लाल वळ उठला होता.

“माझ्या डोळ्यांदेखत ठेवलान तो मालिनीने. वरवंटा कुठे जागा होतोय? पण पोर निजलीय असं वाटल्याशिवाय तू टेकली नसतीस. आणि झोका थांबला असता, तर तू जागी झाली असतीस.”

ऋजुता हे आता भेटेल त्याला सांगते, आणि तुम्हालाही सांगते. तान्ह्या बाळाच्या घरी गेलात की पाळण्यात सगळेच डोकावतात. तुम्ही आधी जरा आत जाऊन त्याच्या आईकडे बघून या. ती निजलेली असेल, तर पाळण्यात कोण आहे ते विचारू नका. झोका देत राहा.