रोजचा डाव

नायगावच्या चाळीत कुशाबा रोज संध्याकाळी शेजारच्या भिकाजीला कॅरममध्ये हरवायचा. पंधरा वर्षांचा मधुमेह, पण डोळे तपासून घ्यायचं नाव नाही. सून अपेक्षाने विषय काढला की म्हणायचा, "डोळे गेले असते तर रोज जिंकलो असतो का गं?"

शेवटी अपेक्षाने भिकाजीला जिन्यात गाठलं. "काका, पाया पडते तुमच्या. उद्यापासून बाबांना जिंकू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी कुशाबाची एकही सोंगटी भोकात गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सकाळीच तो शुगरची फाइल काखेत मारून दारात उभा. "चल गं, कुठे बसतो तो तुझा डोळ्यांचा डॉक्टर?"

साखरेमुळे डोळ्यांच्या पडद्याला सूज आली होती. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. इंजेक्शनं सुरू झाली.

तीन महिन्यांनी पुन्हा डाव मांडला. कुशाबाची सोंगटी भोकाच्या तोंडाशी येऊन थांबली. जुन्या सवयीने भिकाजीचं बोट तिला आत ढकलायला हळूच पुढे सरकलं.

"भिक्या, हात काढ," कुशाबा हसत म्हणाला. "आता दिसतंय मला."