उसनी इंग्रजी

सुमेधाला साडेसहा गुण मिळाले आणि नसीमला साडेआठ. परदेशात समाजशास्त्र शिकायचं तर इंग्रजीच्या परीक्षेत सात लागत होते.

खरं तर नसीमची इंग्रजी सुमेधाचीच होती. मैत्रिणीचं अडू नये म्हणून सुमेधाने आपल्या मेंदूतल्या इंग्रजीची प्रत तिला काढू दिली होती. नसीमच्या कानामागच्या चिपमध्ये तीच प्रत होती आणि नियमाने ते चालत होतं. परीक्षकासमोर सुमेधा घाबरून अडखळली. नसीम तिचेच शब्द हसत हसत बोलून आली.

“तुझ्यामुळे झालं गं,” म्हणत नसीमने पेढा भरवला. सुमेधाला तो गिळवेना.

विद्यापीठाची मुलाखत होस्टेलच्या खोलीतच झाली. नसीम पडद्यावरच्या प्राध्यापिकेला मालेगावच्या यंत्रमागांवरच्या बायकांबद्दल सांगत होती. तिच्या तोंडून आपली ठेवणीतली वाक्यं ऐकून पलंगावर बसलेल्या सुमेधाला राहवलं नाही. तिने फोनवरून प्रतीची परवानगी रद्द केली.

नसीम वाक्याच्या मध्येच थांबली. कानामागे हात नेत तिने वळून पाहिलं. सुमेधाने नजर चुकवली, तेव्हा नसीमला सगळं कळलं.

ती पुन्हा पडद्याकडे वळली. “मॅडम, माय इंग्लिश गॉन. बट माय अम्मी, ऑल डे लूम. नाऊ हर इअर्स गॉन, शी नॉट हिअर लूम. शी नॉट हिअर मी ऑल्सो.”

प्राध्यापिका पुढे झुकली. “गो ऑन.”

सुमेधाने घाईघाईने परवानगी परत दिली. नसीमने चिप काढून टेबलावर ठेवली आणि तशीच मोडकंतोडकं बोलत राहिली. ते ऐकताना सुमेधाला पहिल्यापेक्षाही जास्त हेवा वाटला.