चष्मा काढून

चष्मा लावून व्ह्यूफाइंडरला डोळा नीट टेकत नाही, म्हणून कामाला लागलो की मी तो काढून ठेवतो. कॅमेऱ्यात माझ्या चष्म्याचा नंबर लावलेला आहे. बाहेर मात्र सगळे चेहरे पुसट. आज स्टुडिओत आमच्या ओनोमिची गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची रांग होती, आपल्या अंत्यविधीला ठेवायचा फोटो आधीच काढून घ्यायला. नववं गिऱ्हाईक राखाडी किमोनोत येऊन गुपचूप बसलं. “आजी, हसा की! पुढं नातवंडांना रोज हाच चेहरा बघायचाय.” व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि हबकलोच. समोर माझी बायको, चिझुरू. “अगं, पन्नाशीसुद्धा गाठली नाहीस तू! थट्टा पुरे, ऊठ, रांग खोळंबलीय.” ती हलली नाही. “काढाच. सोमवारपासून केमो सुरू. केस आहेत तोवर फोटो होऊ दे.” “केमो? कुणाला?” “मला. घरी सांगायला जीभ रेटेना. म्हटलं, इथं तरी तुम्ही माझ्याकडे नीट बघाल.”