ड्रायसूटचा पहिला धडा

ड्रायसूट, म्हणजे अंग कोरडं ठेवणारा हवा भरलेला सूट, घालून पाण्याखाली जायला शिकण्यासाठी नवरा-बायको दोघांनीही नावं नोंदवली होती. सूटमधली हवा कशी सांभाळायची, ते प्रशिक्षक बाई समजावून सांगत होत्या.

"अहो बाई, ऑफिसात मी चाळीस माणसं सांभाळतो," नवरा म्हणाला. "एक सूट सांभाळता येणार नाही?"



तलावात उतरून पाच मिनिटं झाली नाहीत, तोच नवऱ्याचे दोन्ही पाय वर आले आणि साहेब डोकं खाली करून पाण्यात धडपडू लागले. शेवटी बायकोनेच त्याला धरून सुलटा केला.

"सूटच खराब आहे!" काठावर बसून तो खोकत खोकत ओरडला.

"सूट उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "सगळी हवा पायांत गेली होती."

"पायांत?" बायकोने विचारलं. "म्हणजे लग्नानंतर पहिल्यांदाच डोक्यातून उतरली म्हणायची!"