बोर्लीची फियाट

धनेशने फियाटच्या दाराला हँडल बसवलं आणि दोन पावलं मागे सरून बघत राहिला. मृणाली ओटीवर तांदूळ निवडत होती. नवऱ्याने आपल्याकडे असं शेवटचं कधी बघितलं, ते तिला आठवेना.

"ओरिजिनल हाय," तो म्हणाला. "बाजारात सगळा नकली माल."

"तिनंच दिलं?"

"व्हय. तेजस्वीबाईंनी."

वडिलांची ही गाडी त्याला होती तशी उभी करायची होती. आठवडाभर बंदरावर ट्रेलरच्या कामात, आणि रविवार उजाडला की उरणहून थेट बोर्ली पंचतन. तिथल्या तेजस्वी नावाच्या विधवेच्या गोठ्यात याच मॉडेलची फियाट पडून होती. एवढ्या लांब जाऊन तो एखादीच वस्तू आणायचा. कधी वायपरचा दांडा, कधी नुसते स्क्रू.

"सगळं एकदम का न्हाय आणत?"

"गंजलंय. घाई केली तर तुटंल."

तेजस्वीबाईंचं नाव घेताना त्याचा आवाज मऊ व्हायचा. बाई समजूतदार, बाईंचा चहा छान. मृणाली ताट सारून उठायची. शेवटी माहेरी जाते सांगून तिने एसटी पकडली.

दार उघडणारी बाई तिच्याच वयाची होती. देखणीही होती.

"धनेशच्या घरून आले," मृणाली म्हणाली.

"बहीण का तुम्ही?"

खरं काढून घ्यायचं तर हेच बरं. "हो," मृणाली म्हणाली.

तेजस्वीने तिला मागच्या गोठ्यात नेलं. फियाट खरंच होती, गंजून बसलेली. शेजारी डब्यात रॉकेलमध्ये स्क्रू भिजत पडले होते. दाराशी बाजेवर तेजस्वीची सासू, येसूबाई, शेंगा सोलत होती.

"भाऊ काम करतात, सासूबाई इथं बसून गप्पा मारतात," तेजस्वी म्हणाली. "या वयात त्यांना दुसरा मुलगा मिळाला बघा."

मृणालीला स्वतःची लाज वाटली. किती दिवस काय काय मनात घेऊन बसलो आपण. पुढ्यात आलेला चहा खरंच छान होता.

"मुंबईचे लोक कितीदा येऊन गेले या गाडीसाठी," तेजस्वी सांगू लागली. "यांची आठवण म्हणून कुणाला एक नट दिला न्हाय. पण धनेशभाऊंना न्हाय म्हणवेना."

"का बरं?"

"वहिनींबद्दल बोलायला लागले की डोळे भरून येतात त्यांचे. त्यांचं हसणं, त्यांच्या हातचं कालवण. त्यांना वडिलांच्या गाडीतून फिरवायचं राहून गेलं म्हणतात. बायकोवर एवढा जीव असलेला पुरुष मी बघितला न्हाय, ताई." तेजस्वीने पदराने डोळे टिपले. "कशानं गेल्या हो त्या?"